शास्त्रीबुवा, व्याकरण आणि आमचा जीडी

मराठी विभागाच्या संपादिकेने (म्हणजे आमच्याच वर्गातल्या मैत्रिणीने) यंदा एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहून दे असं सांगितलं, तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं. कारण उघड आहे. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी फक्त मार्कांपुरतं. वेलांटी पहिली की दुसरी हा प्रश्न मला अजूनही व्हायवाइतकाच घाबरवतो. आणि तरी मी लिहायला बसले आहे ते कोणावर? असल्या चुका करणाऱ्यांची ज्यांनी उभ्या महाराष्ट्रात पिसं काढली त्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांवर! हा लेख त्यांच्या हाती पडला असता तर माझं काय झालं असतं, याची कल्पनाच केलेली बरी.

पण शास्त्रीबुवांकडे मी वळले ते एका जीडीमुळे. म्हणून आधी तो जीडी.

प्लेसमेंटच्या तयारीसाठी मॉक ग्रुप डिस्कशन घेतात हे तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवशी विषय होता, शहरं सगळ्यांसाठी बांधलेली असतात का. आमच्या गटात एक मुलगा होता, तालुक्याच्या गावाहून आलेला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. त्याच्या काकांना लहानपणी पोलिओ झालेला. एसटी स्टँडच्या पायऱ्या, बँकेचा उंच उंबरठा, कचेरीचा दुसरा मजला... काकांना पाठीवर घेऊन आपण कुठे कुठे चढलो आहोत हे त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. सांगताना त्याने जो शब्द येत होता तो वापरला. जुना इंग्रजी शब्द, आता न चालणारा. ट्रेनरने त्याला तिथेच थांबवलं, कंपनीत हा शब्द उच्चारलास तर दुसऱ्या दिवशी घरी बसशील अशी समज दिली, आणि त्याचे मार्क कापले. मग मी बोलले. मी डिफरन्टली एबल्ड म्हटलं, तीनदा इन्क्लुझिव्ह म्हटलं, आणि खरं सांगायचं तर काहीच सांगितलं नाही. मला गटात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. त्यानंतरच्या दोन जीडींमध्ये त्या मुलाने तोंड उघडलेलं नाही.

मला त्या दिवशी आनंदच झाला होता, लपवत नाही. लाज वाटायला दोन दिवस लागले.

घरी आजोबांना हे सांगितलं. आजोबा जुन्या वळणाचे, आणि त्यांच्या हाताखाली वाढल्यामुळे मीही थोडीफार तशीच. आजकाल बोलण्याआधी कोण दुखावेल याची यादी करावी लागते, खरं काय ते कोणी विचारतच नाही, हे त्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं. त्यांनी काही न बोलता कपाटातून निबंधमालेचा जाडजूड ग्रंथ काढून माझ्यासमोर ठेवला. पहिली दहा पानं डोक्यावरून गेली. मग हळूहळू लागत गेलं. नंतर तर सबमिशन बाजूला ठेवून वाचत बसले. (जर्नल अपुरं राहिलं त्याचं हे कारण आमच्या मॅडमना या लेखातूनच कळेल.)

विष्णुशास्त्री जन्मले पुण्यात, २० मे १८५० रोजी. वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर हे मोठे विद्वान. अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या त्या त्यांनी. डॉ. जॉन्सनच्या रासेलस या पुस्तकाचं भाषांतर वडिलांनी सुरू केलं आणि मुलाने पुरं केलं. घरात संस्कृत, कॉलेजात इंग्रजी, असा हा मुलगा डेक्कन कॉलेजातून १८७२ मध्ये बी.ए. झाला. त्या काळात बी.ए. होणं म्हणजे काय हे आपल्याला कळणार नाही. सरकारी नोकरी घरी चालत यायची. त्यांनाही ती मिळाली, पुण्यातल्या सरकारी हायस्कुलात शिक्षक म्हणून.

इथपर्यंत गोष्ट अगदी सरळ आहे. बी.ए., नोकरी, मग वर्षावर्षाला बढती. पण याच्याही आधीपासून ते वडिलांबरोबर शालापत्रक नावाचं मासिक चालवत होते. हे मासिक सरकारी शिक्षणखात्याच्या आश्रयावर चालायचं आणि त्यात सरकारवर अन् मिशनऱ्यांवर टीका यायला लागली! जे व्हायचं तेच झालं. १८७५ मध्ये ते बंद पडलं.

तोवर विष्णुशास्त्र्यांनी आपली स्वतःची गाडी सुरू केलेली होती. २५ जानेवारी १८७४ रोजी निबंधमालेचा पहिला अंक निघाला. वय तेव्हा फक्त तेवीस. म्हणजे आपल्याकडचा एखादा सिनियर पास आउट होऊन पहिल्या नोकरीला लागतो त्या वयाचा माणूस. सात वर्षांत ८४ अंक, आणि जवळपास सगळं लेखन एकट्याच्या हातचं.

या मालेत नवीन काय होतं ते कळायला त्या वेळी काय बोललेलं चालायचं हे आधी समजून घ्यावं लागतं. १८१८ मध्ये पेशवाई गेली. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत शिकलेल्या माणसाने काय मानायचं हे ठरून गेलं होतं. इंग्रजांचं राज्य हा ईश्वराचा प्रसाद. आपला इतिहास म्हणजे लूटमार. आपला धर्म म्हणजे भोळेपणा. मराठी ही भाजीबाजारात बोलायची भाषा, विचार करायचा तर इंग्रजीत. कोणी कायदा केला नव्हता की असंच बोला. पण असं बोलणारा तो सुधारलेला आणि याच्याविरुद्ध बोलणारा तो मागासलेला, हे सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडे याला आता पॉलिटिकल करेक्टनेस म्हणतात. नाव नवं आहे, प्रकार जुनाच.

शास्त्रीबुवांनी या प्रत्येक गोष्टीला नाही म्हटलं, आणि तेही हळू आवाजात नाही. मराठीत कुठलाही विषय मांडता येतो असं म्हणून ते थांबले नाहीत, त्यांनी तो मांडून दाखवला. इतिहास, भाषा, कवित्व, वक्तृत्व, लोकांचे भ्रम, मोरोपंतांची कविता. आमच्या इतिहासाची परीक्षा परक्या माणसाने त्याच्या सोयीने केली आहे, ती आम्ही तपासून घेऊ, असा एकूण त्यांचा सूर. गंमत म्हणजे हे सगळं करताना हत्यारं त्यांनी इंग्रजांचीच वापरली. मेकॉलेच्या लेखणीचा त्यांच्यावर केवढा प्रभाव! डॉ. जॉन्सनचं तर त्यांनी मोठं थोरलं चरित्र लिहिलं. म्हणजे इंग्रजीचा द्वेष नव्हता, इंग्रजीपुढे मान खाली घालण्याचा तिटकारा होता. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला हा फरक कळायला वीस वर्षं लागली. शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की आम्हाला दंड भरावा लागायचा, आणि आम्ही तो मुकाट्याने भरायचो. कोणाला त्यात काही गैर वाटलं नाही. मलाही नाही.

मार्च १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांसाठी कायदा केला. फक्त देशी भाषांतल्या! इंग्रजीत छापलं तर चालेल, तेच मराठीत किंवा बंगालीत छापलं तर सरकार छापखानाच जप्त करू शकेल, आणि वर अपिलाची सोय नाही. कलकत्त्याच्या अमृत बझार पत्रिकेने यावर उपाय म्हणून आपलं पत्र रातोरात इंग्रजी करून टाकलं. हा कायदा लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत, १८८२ मध्ये रद्द झाला. मधल्या चार वर्षांत मराठीत लिहिणाऱ्याच्या मानेवर ही टांगती तलवार होती. आणि विष्णुशास्त्री तर सरकारचे पगारी नोकर.

त्यांची बदली पुण्याहून रत्नागिरीला झाली. मालेतल्या लिखाणामुळेच त्यांना असं दूर टाकलं, असं मानतात. रत्नागिरी आज आपल्याला हापूस आणि गणपतीपुळ्याची सहल वाटते. तेव्हा रेल्वे नाही, पुण्यातला छापखाना नाही, मित्रमंडळी नाहीत. माणूस गप्प करायचा तर तुरुंगात घालावं लागतंच असं नाही, त्याची गैरसोय केली तरी पुरते. बहुतेक जण तिथे समजूतदार होतात. हे झाले नाहीत. रत्नागिरीहूनही माला चालू राहिली आणि १८७९ मध्ये त्यांनी नोकरीचाच राजीनामा दिला. घरचं उत्पन्न बंद झालं, त्या मुलाचे मार्क कापले तशातला प्रकार, फक्त किंमत फार मोठी.

यानंतरची दोन-तीन वर्षं वाचताना दम लागतो. काशिनाथपंत साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर जुने ऐतिहासिक कागद आणि कविता छापणारं काव्येतिहाससंग्रह हे मासिक १८७८ पासूनच सुरू होतं. चित्रशाळा सुरू झाली, म्हणजे देवादिकांची नि थोर पुरुषांची रंगीत चित्रं आपल्याकडेच छापायची. पुस्तकांचं दुकान झालं. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघालं, त्यात टिळक आणि नामजोशी त्यांना येऊन मिळाले, पुढच्या वर्षी एम.ए. होऊन आगरकरही आले. जानेवारी १८८१ मध्ये मराठीत केसरी आणि इंग्रजीत मराठा. टिळक आणि आगरकर तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरचे, आणि त्यांचा म्होरक्या शास्त्रीबुवा तिशीचे. एवढ्या वयात आपण पहिली ईएमआय भरत असतो.

आता या माणसाची दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर हा लेख म्हणजे नुसती आरती होईल.

शास्त्रीबुवांची टीका फक्त सरकारवर नव्हती. सुधारक मंडळींवर तर त्यांचा विशेष राग. लोकहितवादींच्या शतपत्रांचा त्यांनी समाचार घेतला, कारण त्यांच्या मते तो स्वजनांचा नाहक धिक्कार होता. इथे मी बरीचशी शास्त्रीबुवांच्या बाजूची आहे. घरातल्या माणसाची चूक दाखवणं निराळं आणि परक्याच्या दारात उभं राहून घराला नावं ठेवणं निराळं. शिवाय लोकहितवादींचं लिखाण बंद करा असं म्हणत ते सरकारकडे गेले नाहीत. त्यांनी लिहून उत्तर दिलं. मिशनऱ्यांनाही तसंच.

पण जोतीराव फुल्यांच्या बाबतीत मला शास्त्रीबुवांची बाजू घेता येत नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिलं, त्याच वर्षी सप्टेंबरात सत्यशोधक समाज काढला. ब्राह्मणांनी शेकडो वर्षं शूद्रातिशूद्रांना ज्ञानापासून दूर ठेवलं, हा त्यांचा आरोप. पुस्तकाची भाषा तिखट, सामान्य माणसाच्या तोंडची. दशावतारांचा अर्थ त्यांनी असा काही लावला आहे की माझ्या आजीने ते पुस्तक हातात धरलं नसतं. निबंधमालेत शास्त्रीबुवांनी सत्यशोधक समाजाच्या रिपोर्टावर आणि जोतीरावांच्या लिखाणावर लिहिलं. त्यात त्यांनी काय केलं? जोतीरावांच्या व्याकरणाची टर उडवली. शब्द अशुद्ध, वाक्यरचना चुकीची, असल्या माणसाने ग्रंथ लिहावेत का, असा सगळा थाट.

हे वाचताना मी थांबले. हा तर आमचा ट्रेनर!

एक माणूस काकांना पाठीवर घेऊन जिने चढल्याचं सांगतोय आणि आपण त्याचा शब्द चुकला म्हणून त्याला खाली बसवतोय. जोतीराव सांगत होते की आमच्या मुलांना शाळेत येऊ दिलं नाही. त्यावर तुम्हाला लिहिता कुठे येतं असं म्हणणं म्हणजे त्यांचंच म्हणणं सिद्ध करणं की! आमच्या ई अँड टीसीच्या भाषेत सांगायचं तर नॉइज काढायला फिल्टर लावला आणि सिग्नलच उडवून टाकला. शुद्ध भाषा तेव्हा पुण्याच्या वाड्यांतल्यांना येत होती, आणि आजची शुद्ध इंग्रजी आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना येते. कुठला शब्द कधी बाद झाला याची बातमी आधी आमच्यापर्यंत पोचते, तालुक्याला ती पोचेपर्यंत तोही शब्द बदललेला असतो. अपंगचं दिव्यांग झालं, त्या कचेरीचा जिना आहे तिथेच आहे.

म्हणून शास्त्रीबुवांनी जोतीरावांवर लिहायलाच नको होतं असं मी म्हणत नाही. लिहायला हवं होतंच. मुद्द्याला मुद्दा द्यायला हवा होता. इतका कुशाग्र माणूस, मेकॉलेशी झुंजायला निघालेला, आणि इथे ऱ्हस्वदीर्घावर येऊन थांबला याचं मला खरंच वाईट वाटलं. आजोबांशी यावरून चांगली अर्ध्या तासाची वादावादी झाली. त्यांचं म्हणणं, जोतीरावांची भाषाही काही कमी बोचरी नव्हती. ते मला मान्य आहे. आजचे नियम लावले तर निबंधमालाही छापता येणार नाही आणि गुलामगिरीही नाही, दोन्हींनी कोणाच्या ना कोणाच्या भावना दुखावतातच. त्या वेळी पुण्यासारख्या लहानशा गावात दोन्ही छापलं गेलं, दोन्ही विकलं गेलं, कोणी कोणाचा छापखाना फोडला नाही. आमच्या जन्माच्या जवळपास, जानेवारी २००४ मध्ये, त्याच पुण्यात एका परदेशी लेखकाच्या शिवचरित्रावरून भांडारकर संस्थेत जमाव घुसला आणि जुनी पुस्तकं, पोथ्या यांची नासधूस झाली. भावना दुखावल्याचं हे नाणं कोणा एकाच बाजूच्या खिशात असतं असं नाही. आम्हा जुन्या वळणाच्या लोकांकडेही ते पुष्कळ आहे.

शास्त्रीबुवांची गोष्ट इथून फार लांब जात नाही. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा तिथले कारभारी माधवराव बर्वे छळ करतात, अशा अर्थाचा मजकूर केसरी आणि मराठा या दोन्ही पत्रांतून आला. त्याला आधार म्हणून मिळालेली पत्रं पुढे बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. तो चालू असतानाच, १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री वारले. वय एकतीस, बत्तिसावा वाढदिवस दोन महिन्यांवर. जुलैमध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि ते मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात गेले. छापण्याआधी तपासलं नाही, त्याची किंमत त्यांनी मोजली.

या खटल्यात दोघांना जामीन हवा होता. रक्कम दहा हजार रुपये, १८८२ सालचे! पुण्यातल्या कोणत्या वाड्यातून ते आले असतील असं तुम्हाला वाटतं? जामीन राहिले रामशेठ बापूशेठ उरवणे, जोतीरावांचे स्नेही आणि सत्यशोधक समाजातले. जोतीरावांच्या सांगण्यावरून ते पुढे आले होते. ज्या निबंधमालेने जोतीरावांची वेलांटी काढली, तिच्याच मंडळींच्या वर्तमानपत्रासाठी. जोतीरावांना केसरीची मतं पटत होती असं मुळीच नाही. मी हे आजोबांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विषय बदलला.

पुढे आगरकरांचं टिळकांशी पटेना, त्यांनी १८८७ मध्ये केसरी सोडला आणि १८८८ मध्ये सुधारक काढला. सनातनी मंडळींनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ती काढणारे आमच्याच गोटातले होते. शास्त्रीबुवा असते तर त्या यात्रेत गेले असते का? मला वाटतं नसते गेले, त्यांनी मालेचा जळजळीत अंक काढला असता. पण हा माझा भाबडेपणाही असेल.

मालेतला शेवटचा मोठा निबंध म्हणजे आमच्या देशाची स्थिती. पारतंत्र्याने देशाची काय अवस्था झाली आहे यावर. लेखक जाऊन कित्येक वर्षं झाली तरी इंग्रज सरकारला त्याची भीती वाटत राहिली, आणि त्यांनी तो जप्त केला. मेलेल्या माणसाची बदली रत्नागिरीला करता येत नाही, म्हणून बहुधा. ही बंदी उठली १९३७ मध्ये.

जामिनाची ही हकिगत मी मागच्या आठवड्यात कँटीनमध्ये जीडीवाल्या त्या मुलाला सांगितली. आधी मी त्याला माझ्या त्या दिवसाच्या मार्कांबद्दल सॉरी म्हटलं, तेव्हा तो नुसता हसला. पण उरवण्यांचं नाव त्याने दोनदा विचारून घेतलं. पुढचा मॉक जीडी येत्या शुक्रवारी आहे, विषय आधी सांगत नाहीत. आमचे दोघांचे रोल नंबर एकाच गटात आले आहेत, आणि यंदा मी त्याच्या नंतर नाही, आधी बोलणार आहे. काकांच्या जिन्याचं मीच काढणार आहे, त्याच्याच शब्दात. मग ट्रेनरला काय कापायचं ते कापू दे.